मुळांवरच्या गाठी आणि परकी जनुके

छत्रपती संभाजीनगर परिसरात वांगी, टोमॅटो किंवा डाळिंब पिकवणाऱ्यांना मुळांवरच्या गाठींची ओळख करून द्यावी लागत नाही. पाणी असूनही झाड दुपारी मान टाकते. उपटून पाहावे तर मुळे गाठींनी भरलेली. हे काम सूत्रकृमीचे. मुळात शिरणारे त्याचे पिल्लू अर्धा मिलिमीटरही लांब नसते.

अशा गाठींतला कृमी १८५५ मध्ये इंग्लंडमध्ये बर्कली यांनी काकडीच्या मुळांत पाहिला. भारतात १९०१ मध्ये बार्बर यांनी दक्षिणेतील चहाच्या मळ्यातून त्याची नोंद केली. पण तो मुळात शिरतो कसा? वनस्पतीच्या पेशीभोवती सेल्युलोजची भिंत असते. गाईबैलांनाही सेल्युलोज स्वतः पचवता येत नाही. पोटातील सूक्ष्मजीव ते काम करतात. कृमीच्या तोंडात सुईसारखा पोकळ काटा असतो खरा, पण नुसत्या टोचण्याने वाट होत नाही.

उत्तर १९९८ मध्ये मिळाले. बटाटा व सोयाबीनच्या मुळांवर जगणाऱ्या त्याच्या भाऊबंदांत सेल्युलोज तोडणाऱ्या विकराची, म्हणजे एन्झाइमची, जनुके सापडली. ती जीवाणूंच्या जनुकांशी जुळत होती. साहजिकच शंका येते: नमुन्यात जीवाणूच तर मिसळले नव्हते? दोन पुराव्यांनी ती फिटली. विकर कृमीच्याच अन्ननलिकेच्या ग्रंथींत आढळले. आणि जनुकांत ‘इंट्रॉन’ नावाचे मधले तुकडे होते, जे जीवाणूंच्या अशा जनुकांत नसतात. जनुके कृमीची, मूळ मात्र जीवाणूंचे!

२००५ मध्ये बटाट्यावरील कृमीचे हे जनुक प्रयोगशाळेत निष्प्रभ केले, तेव्हा त्याची मुळात शिरण्याची क्षमता घटली. २००८ मध्ये गाठी करणाऱ्या कृमीचा जीनोम वाचला गेला. तेथेही अशी अनेक जनुके निघाली. मातीतल्या शेजारी जीवाणूंकडून ती फार पूर्वी आली असावीत. वारसा केवळ आईबापांकडून येतो, हे वर्गात शिकवले जाणारे चित्र येथे अपुरे पडते.

विद्यार्थ्यांना भुईमूग आणि रोगट वांगे शेजारी ठेवून दाखवावे. भुईमुगाच्या गाठी नखाने सहज सुटतात. त्यांत राहणारे जीवाणू झाडाला नत्र पुरवतात. वांग्याच्या गाठी सुटत नाहीत, कारण तेथे मूळच फुगलेले असते. एकीकडे जीवाणू स्वतः हजर आहेत, दुसरीकडे त्यांची फक्त जनुके.