साथीच्या काळात दफन : निर्णय कशाच्या आधारावर?

देवबाग म्हणजे कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. अशा गावात साथीतल्या मय्यतीचा विषय निघाला की पहिला सवाल विहिरीच्या पाण्याचा येणार. तो विचारण्यात गैर काहीच नाही. फक्त उत्तर पुराव्यातून यायला हवं, धास्तीतून नाही.

३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने आदेश काढला : धर्म कोणताही असो, कोविडच्या मृतदेहांचं दहनच करायचं. काही तासांत तो मागे घ्यावा लागला. पुढे वांद्र्यातल्या कब्रस्तानांत (त्यात एक कोकणी मुस्लिमांचंही) दफन थांबवावं म्हणून काही जण कोर्टात गेले. २२ मे २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची मागणी फेटाळली. मृतदेहातून संसर्ग पसरतो याला शास्त्रीय आधार नाही, आणि सन्मानाने दफन हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधला हक्क आहे, असं कोर्टाने म्हटलं.

श्रीलंकेत मात्र भूजल दूषित होईल असं सांगत सक्तीने दहन झालं. जागतिक आरोग्य संघटनेने दफन आणि दहन दोन्हींना मुभा दिली होती, तरीही. फेब्रुवारी २०२१ मध्ये सक्ती उठली. सरकारची माफी आली ती जुलै २०२४ मध्ये.

म्हणून प्रत्येक बंधन अन्यायाचंच, असं नाही. केंद्राच्या मार्च २०२० च्या सूचनांनी मय्यतीला आंघोळ घालणं, मिठी मारणं बंद केलं. चेहरा पाहणं आणि हात न लावता होणारे विधी चालू ठेवले. गुस्ल राहणं जिवाला लागतं खरं, पण तिथे धोका हात लावणाऱ्याला होता. जनाज्याची नमाज तर फर्जे किफाया आहे, चार माणसांतही अदा होते.