जीव वगळून काढलेला रस

मोहाची फुले आंबताना आम्ही खानदेशी माणसे लहानपणापासून पाहत आलो; पण आंबवणारा जीव वगळूनही आंबणे होते, हे कुणाच्या स्वप्नात नव्हते. 1897 साली एडुआर्ड बुखनर ह्या जर्मन शास्त्रज्ञाने यीस्ट वाळूबरोबर घोटून तिचा रस पिळला. त्यात जिवंत पेशी नव्हती. साखर घालताच रस आंबू लागला!

पुढली मजल 1961 सालची. अमेरिकेत बेथेस्डा येथे मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिख मॅथाई यांनी आतड्यातले जंतू वाटून त्यांचा निवळ रस घेतला. रायबोसोम, म्हणजे प्रथिने विणणारे माग, त्यात शाबूत होते. आमच्या धुळ्याच्या मागवाल्यांना हे चटकन पटेल: विणकर गेला तरी माग आहे, सूत आहे, नक्षीची चिठ्ठी तेवढी हवी. त्या दोघांनी एकाच अक्षराची, सारी यू-यू-यू अशी बनावट आरएनए चिठ्ठी रसात टाकली. 27 मेच्या पहाटे मॅथाईला उत्तर मिळाले: नळीत फेनिलअॅलनिन ह्या एकाच अमिनो आम्लाची साखळी विणली गेली होती. ऑगस्टमध्ये मॉस्कोच्या परिषदेत निरेनबर्गला ऐकायला मोजकीच माणसे होती. फ्रान्सिस क्रिकने मग त्याला मोठ्या सभेपुढे पुन्हा बोलायला लावले. 1968 चे नोबेल निरेनबर्गला आपल्या हरगोविंद खुराना आणि रॉबर्ट हॉली यांच्यासह मिळाले.

मी मॅट्रिक झालेला मास्तर. एवढ्यावर वही मिटली असती. पण अमळनेरकडच्या माझ्या आत्याला क्षय झाला होता. स्ट्रेप्टोमायसिनच्या सुयांनी ती उठून शेतात जाऊ लागली. कान मात्र गेले. दोष कुणाचा नव्हता, औषधाचा तो स्वभावच. पुढची तीस वर्षे घरातले सगळे तिच्याशी ओरडून बोलत आले.

हे औषध जंतूला मारते तरी कसे? 1964 साली डेव्हिस, गिल्बर्ट आणि गोरिनी यांनी तोच रस, तीच यू-यू-यू चिठ्ठी घेतली आणि त्यात स्ट्रेप्टोमायसिन मिसळले. माग चिठ्ठी चुकीची वाचू लागला. फेनिलअॅलनिनच्या जागी आयसोल्यूसिन ओवू लागला. जिवंत जंतूच्या पोटातल्या गर्दीत ही चूक इतकी उघडी दिसणे अवघडच. आपल्या पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियाचे मागही जंतूंच्या मागांचे नातलग आहेत. काही घराण्यांत त्या मागातच एक जन्मजात बदल असतो आणि ह्या जातीच्या औषधांनी त्यांचे कान लवकर जातात, हे 1993 साली उघड झाले. आत्याच्या घराण्यात तो होता की नाही, हे कुणी तपासले नाही.

2016 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी असाच रस गोठवून वाळवला. त्या भुकटीत पाणी आणि हवी ती चिठ्ठी घातली की लशीला लागणारे प्रथिनही तयार होते. सातपुड्यातल्या पाड्यावर लस न्यायची तर आज बर्फाची पेटी पाठीवर बांधावी लागते. ह्या भुकटीला तशी पेटी लागत नाही.