तवंगाचा इतिहास

वरणाला फोडणी पडली की तेलाचा बारीक धूर घरभर फिरतो. पंख्याच्या पात्यांवर, ट्यूबलाइटवर, देवघराच्या वरच्या भिंतीवर त्याचा चिकट थर बसतो. तो आपल्याला दिसतो थेट दिवाळीच्या साफसफाईत. घरात पाण्याची उघडी टाकी असेल तर मात्र दिवाळीपर्यंत थांबावं लागत नाही. दोन दिवसांत पाण्यावर पातळ, किंचित सप्तरंगी पापुद्रा दिसायला लागतो. त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे : तवंग. आमटीवर आला तर जेवणारा खूश होतो. माशांच्या टाकीवर आला तर मासे गुदमरायला लागतात.

माझ्याकडे अशी एक टाकी आहे, खाऱ्या पाण्याची, १८० लिटरची. घर मांजरसुंब्याला. बीडहून सोलापूरकडे निघालात की घाट चढून बालाघाटाच्या पठारावर हे गाव लागतं. इथून एक रस्ता पाटोद्याकडे जातो, एक केजकडे, एक चौसाळ्याकडे. समुद्राकडे जाणारा रस्ता फार लांबचा. सरळ रेषेत मोजलं तरी अंतर सुमारे ३०० किलोमीटर भरतं. मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उभं राहिलं ते मरीन ड्राइव्हवर, समुद्राला लागून. माझा समुद्र पिशवीतून येतो. लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार लागतात, म्हणजे टाकी एकदा भरायला सुमारे साडेसहा किलो मिश्रण.

टाकीत पैदास केंद्रात वाढलेले दोन क्लाऊनफिश आहेत, गोगलगायी आहेत आणि सिरॅमिकचे दगड आहेत. दगडी प्रवाळ नाहीत. रीफ टँक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर प्रवाळच येतात, पण आपल्याकडे २००१ पासून ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. समुद्रातून काढलेला प्रवाळ घरात ठेवणं हा गुन्हा आहे.

टाकीच्या एका कोपऱ्यात, अगदी पाण्याच्या पातळीवर, कंगव्यासारखे दात असलेली एक खिडकी आहे. हा सरफेस स्किमर. फिल्टरचा पंप एरवी टाकीच्या मधून किंवा तळातून पाणी ओढतो. इथे पाणी फक्त वरच्या थरातून, कंगव्याच्या दातांमधून खाली पडतं आणि जाताना तवंग घेऊन जातं. बुडबुड्यांनी फेस करून घाण काढणारा प्रोटीन स्किमर वेगळा. हा त्याच्याही आधीचा, दारावरचा झाडूवाला.

दार म्हणण्याचं कारण सांगतो. मासा पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन घेतो आणि तो पाण्यात शिरतो मुख्यतः वरच्या पृष्ठभागातून. २५ अंश तापमानाला गोड्या पाण्यात लिटरमागे ८ मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास. म्हणजे खाऱ्या टाकीचा मासा आधीच कमी शिधेवर. पाणी तापलं की हा शिधा आणखी घटतो आणि बीडचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. त्यात तवंग आला की पृष्ठभागावरच्या बारीक लाटा दबतात, खालचं पाणी वर यायचं थांबतं आणि हवेशी देवाणघेवाण मंदावते.

हे सगळं वाचत गेलो तेव्हा एक गोष्ट सारखी समोर येत राहिली. पाण्याच्या वरच्या थराबद्दल माणसाला जे कळलं, त्यातलं बरंचसं स्वयंपाकघरातून कळलं.

१७५७ साली बेंजामिन फ्रँकलिन जहाजांच्या एका मोठ्या ताफ्यातून इंग्लंडला निघाला होता. सगळ्या जहाजांमागे पाणी खळबळत होतं, पण दोन जहाजांमागे मात्र ते गुळगुळीत. त्याने कप्तानाला कारण विचारलं. कप्तान म्हणाला, आचाऱ्यांनी खरकटं तेलकट पाणी बाहेर सोडलं असेल. हे त्याने जरा तुच्छतेनेच सांगितलं, एवढंही कसं माहीत नाही अशा सुरात. दर्यावर्दी माणसांना जे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं, त्याची विद्वानांना दखल नव्हती. फ्रँकलिनने पुढे लंडनजवळच्या क्लॅपम इथल्या तळ्यावर चमचाभर तेल ओतलं. ते पसरत पसरत अर्धा एकर पाणी आरशासारखं करून गेलं. हा मजकूर १७७४ मध्ये छापून आला. आता आपल्या मापात हिशेब करा : अर्धा एकर म्हणजे २० गुंठे, साधारण २००० चौरस मीटर. त्यावर ५ मिलिलिटर तेल सारखं पसरलं, तर थराची जाडी मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या अडीचपट येते. तेलाच्या एकेका रेणूएवढी जाडी. फ्रँकलिनने हा भागाकार केला नाही. तो व्हायला शंभराहून जास्त वर्षं लागली.

त्याआधी, १८४६ मध्ये, ॲना थिन नावाच्या बाईने इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावरून जिवंत दगडी प्रवाळ लंडनच्या घरी नेले आणि ते तिथे जगवले. घरात प्रवाळ पाळण्याचा हा सगळ्यात जुन्या नोंदींपैकी एक प्रयोग. पंप नव्हते, वीज नव्हती. मग पाण्यात हवा कशी मिसळायची? रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीसमोर उभं राहून ते खारं पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायचं, पुन्हा पहिल्यात ओतायचं. चहा गार करताना आपण करतो तसं. हे काम घरातल्या मोलकरणीच्या वाट्याला आलं. पाणी उंचावरून पडताना पृष्ठभाग फुटतो, नवा होतो, हवा आत शिरते. माझा पंप आज जे करतो ते तेव्हा एका बाईचे दोन हात करत होते.

तिसरं स्वयंपाकघर जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावातलं. ॲग्नेस पॉकेल्सचा जन्म १८६२ चा. तिच्या तरुणपणी तिथे मुलींना विद्यापीठाची दारं बंद होती. धाकटा भाऊ फ्रीडरिक पदार्थविज्ञान शिकला. तिच्याकडे आजारी आईवडील आणि घरकाम आलं. भांडी धुता धुता तिचं लक्ष पाण्यावरच्या तेलकट थराकडे गेलं. विशीतच तिने एक साधी पन्हळ बनवली. ती काठोकाठ भरायची, वर एक पत्र्याची पट्टी आडवी ठेवायची आणि ती सरकवून पृष्ठभाग झाडून स्वच्छ करायचा. स्वच्छ पाण्यावर मोजून तेल सोडायचं, पट्टी सरकवत जागा कमी करायची आणि पाण्याचा ताण कसा बदलतो ते मोजायचं. अशी जवळपास दहा वर्षं गेली. १८९१ च्या जानेवारीत तिने लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिलं. तेही याच विषयावर काम करत होते. पत्र वाचून त्यांनी ते ‘नेचर’कडे पाठवलं आणि मार्च १८९१ मध्ये ते छापून आलं. पुढे आयर्विंग लँगम्युअर यांनी तिच्याच पन्हळीची सुधारलेली आवृत्ती वापरली; त्यांना १९३२ मध्ये नोबेल मिळालं. त्याच वर्षी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, पॉकेल्सला तिच्या गावच्या तंत्रविद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. पाण्याचा पृष्ठभाग झाडायला तिने सरकवलेली ती पट्टी मला माझ्या स्किमरची पणजी वाटते.

रॅले यांनी तेलाची जाडी मोजायला वापरलेली वस्तू तर आपल्या देवघरातच आहे : कापूर. वाटी राखेने किंवा साबणाने नीट घासून, भरपूर पाण्याने धुऊन घ्या. स्वच्छ पाण्याने भरा आणि कापराचा बारीक कण टाका. तो भिंगरीसारखा नाचायला लागेल. आता केसांवरून फिरवलेलं बोट पाण्याला लावा. कापूर थबकेल. डोळ्यांना न दिसणारा तवंग असा दिसतो. मात्र प्रयोग वाटीतच करा, माशांच्या टाकीत कापूर टाकू नका.

तवंगाचा दुसरा इतिहास मारण्याचा आहे आणि तो आपल्या मुलखाजवळून जातो. बीड १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. त्याच संस्थानातल्या सिकंदराबादला २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला. डासाची अळी पाण्यात राहते, पण श्वास पृष्ठभागावर येऊन घेते. म्हणजे वरचं दार बंद केलं की ती मेली. अमेरिकेत हॉवर्ड या कीटकशास्त्रज्ञाने १८९२ मध्येच साचलेल्या पाण्यावर घासलेट टाकून हे करून पाहिलं होतं. स्टोव्हमधलं घासलेट अशा रीतीने डबक्यांवर आलं. मुंबईत १९११ मध्ये डॉ. बेंटले यांनी मलेरियाचा दोष शहरातल्या विहिरींना दिला आणि त्या झाकण्या-बुजवण्यावरून मोठा वाद पेटला, कारण अनेक विहिरींना लोक देवासमान मानत. आजही आरोग्य विभागाचे लोक हौदात गप्पी मासे सोडतात. तवंगाने दार लावायचं किंवा दारात पहारेकरी बसवायचा, असे हे दोन उपाय. ज्या थराने अळी मरते, तोच माझ्या माशांच्या डोक्यावर दर दोन दिवसांनी तयार होतो. हे समजल्यावर घरातलं डास मारायचं लिक्विड मी टाकीच्या खोलीतून हलवलं. फोडणीबद्दल आईशी बोलून पाहिलं. ती म्हणाली, “तुझ्या माशांपायी आता उकडून खायचं का मी?” म्हणून टाकीच स्वयंपाकघरापासून लांबच्या खोलीत गेली.

घरगुती टाकीत वरचं पाणी सतत सांडू देण्याची पद्धत रुळली ती १९८० च्या दशकात. १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांनी एका अमेरिकी मासिकात डच पद्धतीच्या छोट्या रीफ टाक्यांवर लेखमाला लिहिली. पाणी वरून सांडून खालच्या फिल्टरमध्ये जायचं आणि पंपाने पुन्हा वर यायचं, ही रचना त्यानंतर हौशी लोकांमध्ये झपाट्याने पसरली. पण सांडव्याची कल्पना आपल्याला नवी नाही. इथून बीडला जाताना खजाना बावडी लागते. सोळाव्या शतकात, मुर्तजा निजामशाहाच्या काळात, सलाबतखानाने ती बांधवली. दोन बोगद्यांतून पाणी आत येतं, तिसऱ्यातून शेतीकडे जातं आणि पातळी सहसा हलत नाही अशी तिची ख्याती आहे. बाहेरच्या वाटेची उंची पाण्याची पातळी ठरवते, हा नियम माझ्या कंगव्यालाही लागू आहे. पाणी दातांच्या खाली गेलं तर स्किमर नुसतीच हवा गिळतो. उन्हाळ्यात रोज काही लिटर पाणी उडून जातं, मीठ मात्र मागे राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची.

लाइट गेली की पंप थांबतो. कंगव्याच्या दातांपर्यंतचं पाणी खाली उतरतं आणि वरचं झाडणं बंद पडतं. बॅटरीवरचा छोटा एअर पंप दोन-तीन तास चालतो. मे महिन्यात रात्री तोही संपला तर प्लॅस्टिकचा मग घ्यायचा. तांब्या-पितळेचं भांडं चालत नाही, तांबं गोगलगायींना विष आहे. मगाने पाणी काढायचं, हातभर उंचीवरून परत सोडायचं. मासे वर तोंड करून धापा टाकायचे थांबतात, हळूहळू खाली जातात. वीस मिनिटांत माझा खांदा भरून येतो. लंडनच्या त्या खिडकीसमोर रोज पाऊण तास हेच करणारी बाई इतिहासात फक्त ‘मोलकरीण’ म्हणून उरली आहे. त्या प्रवाळांचा श्वास तिच्या हातांवर चालला होता.