केबलची कंपनी बदलली, बिल वाढलं? पैसे देण्याआधी हे तपासा

आळे (ता. जुन्नर) : वायर तीच, महिन्याला पैसे न्यायला येणारा माणूसही तोच, पण मागून सिग्नल देणारी कंपनी बदलते आणि बिल वाढतं. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "सरकारनेच दर वाढवलेत." हे खरं नाही. वाढ नेमकी कुठे झाली, हे ग्राहकाला स्वतः तपासता येतं.

बिलात काय काय असतं?

केबलच्या बिलाचे मुख्य भाग तीन.

१) नेटवर्क कपॅसिटी फी : घरापर्यंत सिग्नल आणून देण्याचे पैसे. फुकट चॅनेल यातच येतात.
२) पैसे भरून बघायचे चॅनेल : प्रत्येक चॅनेलची किंमत चॅनेलची मालक कंपनी ठरवते, केबलवाला नाही. १९ रुपयांपेक्षा महाग चॅनेल कोणत्याही पॅकमध्ये घालता येत नाही, तो सुटाच विकावा लागतो.
३) जीएसटी : या दोन्हींच्या बेरजेवर १८ टक्के.

बॉक्स भाड्याने असेल तर त्याचं भाडं वेगळं लागतं.

मग वाढ कशी झाली?

दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, म्हणजे ट्रायची, नवी दरपद्धत फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाली. तेव्हा १०० चॅनेलसाठी ही फी जास्तीत जास्त १३० रुपये होती. २०२० मध्ये तेवढ्याच पैशांत २०० चॅनेल देणं बंधनकारक झालं. जुलै २०२४ मध्ये मात्र ट्रायने ही कमाल मर्यादाच काढून टाकली. बॉक्स बसवण्याचे ३५० आणि चालू करण्याचे १०० रुपये, ही मर्यादाही गेली.

म्हणजे सरकारने दर वाढवले नाहीत; दर ठरवण्याची मोकळीक कंपनीला मिळाली. वेगवेगळ्या भागांसाठी वेगळी फीसुद्धा कंपनी ठेवू शकते. मात्र ते दर जाहीर करणं तिला बंधनकारक आहे. केबलवाला तोंडी सांगतो तो आकडा आणि जाहीर दर जुळतात का, हे पाहावं.

हिशोब असा करा

समजा, फी १३० रुपये आणि १९ रुपयांचे तीन चॅनेल. बेरीज १८७, जीएसटी धरून २२०.६६ रुपये. नव्या कंपनीने फी १६० केली तर तेच बिल २५६.०६ रुपये होतं. म्हणजे महिन्याला ३५.४० आणि वर्षाला जवळपास ४२५ रुपये जादा. वाढ याहून जास्त असेल, तर न मागितलेला पॅक गळ्यात पडलाय का, ते बघावं.

बॉक्स नवा का घ्यावा लागतो?

प्रत्येक कंपनीची सिग्नल कुलूपबंद करण्याची पद्धत वेगळी. त्यामुळे जुन्या कंपनीचा बॉक्स नवीन सिग्नलवर सहसा चालत नाही. जुना बॉक्स भाड्याचा असेल आणि अनामत भरलेली असेल, तर पावती दाखवून ती परत मागावी. नवा बॉक्स विकत आहे की भाड्याने, हे आधी लिहून घ्यावं.

ग्राहकाचे हक्क

- चॅनेल निवडायचा हक्क ग्राहकाचा. संमतीशिवाय पॅक बदलता येत नाही.
- नको असलेला चॅनेल बंद करायला सांगितल्यावर ७२ तासांत बंद झाला पाहिजे.
- फी, चॅनेलचे पैसे, बॉक्सचं भाडं आणि कर वेगवेगळे दाखवणारं बिल मागता येतं.

तक्रार कुठे?

आधी कंपनीच्या टोल फ्री नंबरवर तक्रार करावी आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. केबलवाल्याला तोंडी सांगितलं तर नंतर पुरावा राहत नाही. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही काम झालं नाही तर पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. एवढ्या रकमेच्या दाव्याला तिथे शुल्क लागत नाही. ट्राय नियम करते, पण एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही.

परवडतच नसेल तर?

दूरदर्शनची 'डीडी फ्री डिश' हा पर्याय आहे. छत्री आणि बॉक्सचा खर्च एकदाच, महिन्याचा रिचार्ज नाही. सह्याद्री वाहिनी त्यावर दिसते. पण पैसे भरून बघायचे बरेचसे चॅनेल दिसत नाहीत. गावापासून लांब मळ्यात राहणाऱ्या आणि वायर न पोचलेल्या घरांना ती सोयीची पडते.

कंपनी बदलली म्हणून लगेच वर्षाचे पैसे एकदम भरू नयेत. पहिला महिना एका महिन्याचेच द्यावेत, बिल हातात घ्यावं आणि मग ठरवावं.