हॅलुसिनोक्रायसा डायोजेनेसी

स्पेनमधील कांताब्रिया प्रांतातल्या एल सोप्लाओ येथील अंबरात सापडलेला, क्रायसोपा गटातील कीटकाचा जीवाश्म डिंभ (अळी). काळ पूर्व क्रिटेशस, सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वीचा. रिकार्डो पेरेझ-दे ला फुएंते व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये नवी प्रजाती आणि जाती म्हणून त्याचे वर्णन केले.

या डिंभाच्या पाठीवर लांबच लांब, नळीसारखे उंचवटे असून त्यांवर केस आहेत. केसांची टोके कर्ण्यासारखी पसरट आहेत. आजच्या डिंभांत उंचवटे इतके लांब नसतात. केसांत अडकलेला कचरा हा या जीवाश्माचा सर्वांत मोलाचा भाग होय. तो नेच्यांच्या सूक्ष्म लोमांचा आहे. डिंभाने हे लोम वेचून अंगावर चढवले होते. त्यामुळे तो शत्रूला आणि भक्ष्यालाही दिसेनासा होई. वर्तन दगडात सहसा टिकत नाही, राळेत ते असे पुराव्यासह टिकले. हे नेचे वणव्यानंतर जोमाने वाढणाऱ्या कुळातील असल्याने त्या जंगलाचीही कल्पना येते.

केवळ डिंभावरून जाती ठरवणे जोखमीचे असते, कारण प्रौढ कीटक अज्ञात राहतो. येथे मात्र पाठीची रचना इतकी वेगळी आहे की नवे नाव देणे योग्यच ठरते. कपाशीवरील मावा खाणारी मित्रकीड म्हणून महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना परिचित असलेला क्रायसोपा याच्याच नात्यातला. त्याच्या काही भाईबंदांचे डिंभ आजही भक्ष्याची कातडी व काडीकचरा पाठीवर वाहतात.