हेडफोनवरील ध्वनिमिश्रण-तपासणी

हेडफोनवरील ध्वनिमिश्रण-तपासणी म्हणजे ध्वनिमुद्रित संगीताचे मिश्रण सर्वसामान्य श्रोते वापरतात त्याच प्रकारच्या हेडफोनवर किंवा इयरफोनवर ऐकून पारखण्याची पद्धत होय. मिश्रणाचे मुख्य निर्णय सहसा स्टुडिओतील मॉनिटर स्पीकरवर घेतले जातात. ही तपासणी त्यांना पूरक असते.

पार्श्वभूमी

श्रोत्याच्या साधनाचा विचार करून मिश्रण पारखण्याची प्रथा जुनी आहे. रेडिओ व दूरचित्रवाणी संचावर गाणे कसे ऐकू येईल, याचा अंदाज घेण्यासाठी स्टुडिओंत ऑराटोनचे लहान स्पीकर वापरले जात. यामाहाचा एनएस-१० हा १९७८ साली घरगुती वापरासाठी आलेला स्पीकरही पुढे स्टुडिओंत रूढ झाला. १९७९ साली आलेल्या सोनी वॉकमनमुळे आणि नंतर मोबाइल फोनमुळे हेडफोन हे संगीतश्रवणाचे नित्याचे साधन बनले.

श्रवणातील फरक

डाव्या स्पीकरचा ध्वनी उजव्या कानापर्यंतही पोहोचतो. हेडफोनमध्ये मात्र प्रत्येक कानाला स्वतंत्र वाहिनी मिळते. त्यामुळे डाव्या-उजव्या बाजूंतील अंतर अधिक वाटते आणि मध्यभागी ठेवलेला गायकाचा आवाज डोक्याच्या आत असल्याचा भास होतो. खोलीतील परावर्तने नसल्याने श्वास, खरखर व संपादनाचे सांधे स्पष्ट ऐकू येतात. परंतु शरीराला जाणवणारा खर्जाचा कंप अनुभवास येत नाही. इयरफोन कानात सैल बसल्यास खर्ज आणखी घटतो व डग्ग्याची घुमक क्षीण वाटते. एवढ्यावरून मिश्रणातील खर्ज वाढवल्यास तेच गाणे मोठ्या स्पीकरवर गढूळ ऐकू येते.

पद्धत

प्रथम एखादे परिचित, उत्तम ध्वनिमुद्रण त्याच हेडफोनवर ऐकतात. नंतर तेवढ्याच आवाजात नवे मिश्रण ऐकून दोहोंची तुलना करतात. आवाजाची पातळी समान ठेवणे आवश्यक असते. आवाज कमी असताना कानाची खर्जाबाबतची संवेदनशीलता घटते, हे फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले. इक्वलायझरसारख्या ध्वनी बदलणाऱ्या सोयी बंद ठेवतात. गीताचे शब्द वाद्यांत बुडतात का, तारस्वर कर्कश होतात का, याकडे विशेष लक्ष दिले जाते. आढळलेला दोष मॉनिटर स्पीकर, मोबाइल फोन अशा अन्य साधनांवरही ऐकू आला, तरच मिश्रणात बदल करणे इष्ट मानले जाते.

मर्यादा

प्रत्येक हेडफोनचा ध्वनिगुण वेगळा असल्याने एकाच हेडफोनवरील निष्कर्ष सर्व श्रोत्यांना लागू पडत नाही. तसेच दीर्घकाळ मोठ्या आवाजात ऐकल्यास कान थकतात, निर्णय चुकतात आणि श्रवणशक्तीची कायमची हानी होऊ शकते.