एका अंगुस्तानाची तीन नावे

शिंप्याच्या बोटातले अंगुस्तान काचेचे असते आणि ते तोंड खाली करून थंडगार समुद्रात सोडले असते, तर जसे दिसले असते तसा हा जीव, एक जेलीफिश, दिसतो. उंची फार तर चार सेंटिमीटर, बहुतेक वेळा त्याहून कमीच. आत, शेंड्याकडून आठ लांबट पिशव्या लोंबतात. त्या त्याच्या जननग्रंथी. काठाला ऐंशी-शंभर बारीक तंतू आणि अंगावर असली तर गुलाबी झाक. आर्क्टिक, उत्तर अटलांटिक आणि उत्तर पॅसिफिक हा त्याचा मुलूख. आज त्याला ‘आग्लांथा डिजिटाले’ म्हणतात. या नावापर्यंत पोहोचायला शास्त्रज्ञांना शंभरावर वर्षे लागली, आणि त्यानंतरही वाद मिटायला आणखी बराच काळ गेला.

पहिले नाव 1776 सालचे. कोपनहेगनच्या ओटो फ्रीड्रिश म्यूलरने डेन्मार्क आणि नॉर्वेच्या प्राण्यांची एक जंत्री छापली, तीत ‘मेड्यूसा डिजिटाले’ अशी नोंद आहे. लिनियसने घालून दिलेल्या पद्धतीत ‘मेड्यूसा’ हे तेव्हा मोठे एकत्र कुटुंब होते. पाण्यात तरंगणारे, घंटेसारखे, लिबलिबीत असे जे सापडेल ते त्यात. ‘डिजिटाले’मध्ये लॅटिनमधले बोट आहे. बोटावर चढवण्याजोग्या फुलांच्या एका झाडाला लिओनहार्ट फुक्स या जर्मन वैद्याने 1542 मध्ये ‘डिजिटालिस’ म्हटले, कारण जर्मन लोक त्याला अंगुस्तानाच्याच नावाने ओळखत. हृदयविकारावरचे डिजिटॅलिस हे औषध त्याच झाडाचे. औषधाचा आणि जेलीफिशचा संबंध एवढाच, बोटापुरता.

चार वर्षांनी हेच नाव दुसऱ्या एका ओटोच्या पुस्तकात आले, आणि हा माणूस जास्त रंगतदार. ओटो फॅब्रिशियस 1768 मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, धर्मप्रसारक म्हणून ग्रीनलँडला गेला. पाच वर्षांत तो तिथली भाषा शिकला आणि कयाकमधून सील मारायलाही शिकला. त्याच्या ‘फाउना ग्रोएनलँडिका’चे (1780) लांबलचक शीर्षक वाचले तरी माणूस कळतो. प्राण्याचे शास्त्रीय नाव, स्थानिक लोकांचे नाव, तो राहतो कुठे, खातो काय, त्याचा उपयोग काय, त्याला पकडतात कसे, हे सगळे आणि बहुतांशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले देतो, असे तो शीर्षकातच सांगतो. मिशनऱ्यांनी लिहिलेल्या पुस्तकांत प्राण्यांना एवढी जागा क्वचितच मिळाली असेल.

मग गोष्ट पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जाते. ‘सेन्याविन’ हे रशियन जहाज 1826 ते 1829 या काळात जगप्रदक्षिणेवर होते. त्यावरचा निसर्गशास्त्रज्ञ मेर्टेन्स समुद्री जीव पाहून टिपणे करत असे. परतल्याच्या पुढच्याच वर्षी, 1830 मध्ये, तो वारला. त्याचे काम सेंट पीटर्सबर्गच्या योहान फ्रीड्रिश ब्रांटने निगुतीने छापून आणले. त्यात कामचात्काच्या बाजूचा असाच एक जीव होता. त्याचे नाव ठरले ‘सर्सी कामचाटिका’. सर्सी म्हणजे ग्रीक पुराणातली, माणसांची डुकरे करणारी जादूगारीण. पण ‘सर्सी’ हे नाव आधीच उचलले गेले होते. 1817 मध्ये शूमाखर नावाच्या विद्वानाने ते एका शिंपल्याला देऊन टाकले होते, तेही कोपनहेगनमध्येच. प्राण्यांच्या नामकरणात एकच वंशनाम दोघांना चालत नाही, आणि जो आधी आला त्याचा हक्क पक्का. शिंपल्याने जेलीफिशचे घर बळकावले ते असे.

ही अडचण ध्यानात न घेता एडवर्ड फोर्ब्सने 1848 मध्ये ब्रिटनच्या मेड्यूसांवरच्या ग्रंथात ‘सर्सी रोझिया’, म्हणजे गुलाबी सर्सी, छापली. अमेरिकेत अलेक्झांडर अगासिझने 1865 मध्ये म्यूलरचा जीव ‘ट्रॅकिनेमा’ या वेगळ्याच वंशात नेऊन बसवला. आता एकाच्या नावात आकार, दुसऱ्याच्या नावात मुलूख, तिसऱ्याच्या नावात रंग.

तिघांनाही दोष देता येत नाही. हा जीव जाळ्यात आला की त्याचे तंतू तुटतात आणि बरणीतल्या द्रवात रंग उडून जातो. समोर उरते ती काठ झडलेली फिकट टोपी. काठावर तोल सांभाळणारे सूक्ष्म अवयव असतात, त्यांची संख्या मोजून जाती वेगळ्या करण्याचा खटाटोप पुढे झाला. पण ज्या काठाची आधीच चाळण झालेली आहे त्यावरचे ठिपके मोजणे म्हणजे फाटक्या पदराची नक्षी ओळखण्यातला प्रकार.

‘आग्लांथा’ हा वंश आणला तो एर्न्स्ट हेकेलने, 1879 च्या मेड्यूसांवरच्या ग्रंथात. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ तेजस्वी फूल. हेकेल चित्रे अप्रतिम काढी आणि नावे सढळ हाताने वाटी. दिवंगत पत्नी आना हिच्या नावानेही त्याने जेलीफिश नोंदवल्या. त्याच्या अनेक जाती पुढे बाद झाल्या, हे वंशनाम मात्र टिकले. त्यात एक व्याकरणाची मेख आहे. ‘आग्लांथा’ स्त्रीलिंगी, तेव्हा विशेषण ‘डिजिटालिस’ हवे; हेकेलने तसे लिहिलेही. आजच्या सूचींनी म्यूलरचे नपुंसकलिंगी ‘डिजिटाले’च जपले आहे.

कामचात्काची आणि गुलाबी अशा दोन्ही सर्सी यथावकाश त्यातच विरघळल्या. 1961 मध्ये पॉल क्राम्पने जगातल्या मेड्यूसांचा गोषवारा काढला आणि प्रत्येक जातीखाली तिच्या जुन्या नावांची वंशावळ मांडली. क्राम्पही कोपनहेगनचाच. आज पूर्ण नाव लिहिताना शेवटी ‘(ओ. एफ. म्यूलर, 1776)’ असे येते. तो कंस शोभेचा नाही. जात म्यूलरची, पण वंश पुढे बदलला, एवढी माहिती त्या दोन वाकड्या रेघांत आहे.

म्यूलरला जे दिसणे शक्य नव्हते ते 1985 मध्ये जॉर्ज मॅकी आणि रॉबर्ट मीच यांनी ‘नेचर’मध्ये छापले. हे अंगुस्तान एरवी सावकाश पोहते, पण धक्का लागला की झटक्यात निसटते, आणि या दोन्ही चालींचे संदेश एकाच जाड चेतातंतूतून जातात; संथ चालीला कॅल्शियमचा, पळण्याला सोडियमचा. हे पाहायला काठ न तुटलेला, जिवंत जीव लागला.